‘आयुष्यभर’ म्हणजे किती दिवस?

आत्या, तुझ्या दशक्रियेला कावळा वेळेवर आला. साहेब आले नाहीत.

पिंड ठेवला आणि पाच मिनिटांत कावळा आपलं काम उरकून उडून गेला. बऱ्याच नातेवाइकांची त्यामुळे निराशा झाली. तुझी ही इच्छा राहिली असेल, ती राहिली असेल, असा विचार करून लोक वचनं तयार ठेवून आले होते. ती त्यांना तशीच परत न्यावी लागली. साहेबांना मात्र त्या सकाळी तुझ्याआधी दोन दशक्रिया होत्या. त्यामुळे आम्ही सव्वा तास मांडवात बसून राहिलो, आणि प्रवचनकार महाराजांनी वेळ भरून काढण्यासाठी जन्ममरणाचा फेरा तीनदा फिरवून आणला. मागे तुझा फ्लेक्स होता. फ्लेक्सवाल्यानं तुझ्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या आणि ओठ गुलाबी केले होते. नव्वद वर्षांची मेहनत एका क्लिकमध्ये गेली.

शेवटी गाडी आली. तुझ्याशी आयुष्यात एकदाच बोललेला तो माणूस तुझ्याबद्दल बारा मिनिटं बोलला. “नव्वदी पार केलेल्या या माउलीनं हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांचा शब्द कधी मोडला नाही,” साहेब म्हणाले. “नामदेवरावांनी मला स्वतः सांगितलं, दोन वर्षांत एक गोळी चुकली नाही. ही शिस्त आजच्या तरुण पिढीनं घेण्यासारखी आहे.”

मी मान खाली घातली. शेजारच्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कारण त्यांना वाटलं मी रडतोय. खरं तर मी हसू दाबत होतो. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण समोर नामदेव बसला होता. डोकं भादरलेलं, डोळे कोरडे, साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. आईची एकही गोळी चुकू दिली नाही, या एका गोष्टीच्या आधारावर तुझा मुलगा दहा दिवस उभा होता. ती गोष्ट खरी नाही हे त्या मांडवात तिघांना ठाऊक होतं: मला, माझ्या बायकोला आणि तुला. त्यातली बायको बायकांच्या घोळक्यात होती आणि तू फ्लेक्सवर होतीस.

साहेब गेल्यावर नामदेव माझ्याजवळ आला. “दादा, आपण कशात कमी नाय ना पडलो?” त्यानं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. चौतीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि हे एका श्वासात जमलं.

म्हणून तुला लिहायला बसलोय. नामदेवला सांगायचं कोणी, यावर आपला अकरा महिने वाद चालला होता. तू ‘मी सांगन’ म्हणायचीस, मी ‘मी सांगतो’ म्हणायचो. आता तू त्यातून सुटलीस. सांगायला एकटा मी उरलोय. सांगायच्या आधी एकदा तुझ्यासमोर सगळं लावून बघतो. तुझं काही म्हणणं असलं तर नेहमीप्रमाणे मध्येच बोल.

तुला झटका आला तेव्हा तू त्याला पित्त म्हणत होतीस. दोन तास तू ओवा आणि गरम पाणी यांच्या भरवशावर काढलेस. तुझ्या सुनेला, सुमनला, तुझ्या कपाळावरचा घाम दिसला नसता तर ते पित्त तुला तिथंच घेऊन गेलं असतं. पुण्यातल्या डॉक्टरांनी हातातून तार घालून हृदयाची एक नळी उघडली आणि सहाव्या दिवशी तुला घरी सोडलं. एकोणनव्वद वर्षांची बाई तारेनं दुरुस्त करून परत दिली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आणि मी सहज आश्चर्य वाटून घेणारा माणूस नाही.

घरी सोडताना मोठे डॉक्टर आले. ते तुझ्या पलंगाच्या या बाजूला, नामदेव त्या बाजूला, आणि मध्ये तू. डॉक्टर नामदेवला म्हणाले, “पेशंटची ही रात्रीची गोळी आयुष्यभर.”

“आयुष्यभर मंजी किती दिस?” खालून आवाज आला.

डॉक्टरांनी दचकून खाली पाहिलं. एखाद्या फाइलनं तोंड उघडावं तसा त्यांचा चेहरा झाला. “आजी, आयुष्यभर म्हणजे कायम,” ते म्हणाले.

“कायम कोण ऱ्हातं?”

ते हसले, तुझ्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले. तुझा प्रश्न तिथंच राहिला. गाडीत तू म्हणालीस, गाईच्या बाजारात असंच असतंय, दात किती, दूध किती, सगळं गाईच्या डोक्यावरनं बोलत्यात, गाईला कोण इचारतंय? मी म्हणालो, डॉक्टर फार नावाजलेले आहेत. तू म्हणालीस, व्यापारीबी नावाजलेलाच आसतो.

खरा घोळ पुढच्या तपासणीला झाला. रक्ताचा कागद बघून तिथला एक तरुण डॉक्टर प्रेमानं म्हणाला, “आजी, चरबी जरा जास्त आहे तुमची.”

तू पुण्यापासून नारायणगावापर्यंत एक शब्द बोलली नाहीस. नामदेव घाबरला, दोनदा गाडी थांबवून पाणी हवं का विचारलं. तुझं वजन चाळीस किलोही भरत नव्हतं. गावात तुला कोणी काहीही म्हणालं असेल, पण जाड कधी नाही. नारायणगावचा पूल ओलांडल्यावर तू तोंड उघडलंस. “सासूबाईनंतर हे मला कोण बोललं नव्हतं,” तू म्हणालीस.

सासूबाईंनी ते का म्हटलं होतं, हेही मग कळलं. जत्रेच्या दिवशी पाहुण्यांची पंगत बसायच्या आधी तू मासवडीचा एक तुकडा तोंडात टाकला होतास. अठरा वर्षांची होतीस. “लई चरबी आली हिला,” असं सासूबाई अख्ख्या बायकांसमोर म्हणाल्या. सत्तर वर्षं तू तो डाग धुऊन काढलास आणि पुण्याच्या एका पोरानं यंत्रात रक्त घालून तो परत दाखवला.

मला बोलावणं आलं. मंचरहून राजुरीला दर गुरुवारी मी येतच होतो, त्या आठवड्यात मंगळवारीही यावं लागलं. मी ओट्यावर बसून समजावलं की ही चरबी वेगळी. ही रक्तातली, वागण्यातली नव्हे.

“मंग वागण्यातलीवर गोळी नाय निघाली?”

“अजून नाही.”

“ती काढा म्हणावं आधी. आपल्या तालुक्यात लई खपंल.”

त्या दिवसापासून तुझ्या बोलण्यात एक नवीन वाक्प्रचार आला. ग्रामसभेत कोणी फार आवाज चढवला की तू सुमनच्या कानात म्हणायचीस, ह्याला रात्रीची सुरू केली पायजे. भाच्याच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरेना तेव्हाही तू हेच म्हणालीस. एका गोळीतून इतकी करमणूक काढणारा दुसरा पेशंट त्या कंपनीला मिळाला नसेल.

पण गोळी तू घ्यायचीस. रोज, रात्री जेवणानंतर, नामदेव वाटीत ठेवून देईल तशी. आणि वाद घालायचीस माझ्याशी, कारण नामदेवशी वाद घालता येत नव्हता, त्याच्या डोळ्यात लगेच पाणी यायचं.

मी गोळीच्या बाजूनं होतो, हे इथं कबूल करतो. मी वाचणारा माणूस आहे. वाचणाऱ्या माणसाला आपलं वाचन अपुरं असेल अशी शंका सहसा येत नाही. मी तुला हृदयाच्या नळ्या समजावून सांगितल्या. तुला कळावं म्हणून उदाहरण मळ्यातलं घेतलं, आणि तिथंच माझी चूक झाली. मी म्हणालो, “आत्या, ठिबकच्या नळीत क्षार साचतो की नाही? पाणी पुढं जात नाही. तसंच हे. गोळीनं नळी साफ राहते.”

तू शेंगा सोलत होतीस. “ठिबक किती वर्सं चालतं रं दिन्या?”

“पाच. फार तर सात.”

“मग काय करत्यात?”

मी तू सोललेला एक दाणा तोंडात टाकला.

“गुंडाळून भंगारात देत्यात,” तू म्हणालीस. “नव्वद वर्साच्या नळीला कोण आसिड सोडीत बसत नाय.”

उदाहरण मी दिलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

तीन-चार महिन्यांनी तुझ्या पिंढऱ्या दुखायला लागल्या. मग मांड्या. मांडीत दगड भरल्यासारखं होतंय म्हणायचीस. जमिनीवर बसलीस तर उठता येईना. नामदेव म्हणाला, वय झालं. तू म्हणालीस, वय काय मागच्या म्हैन्यात झालं व्हय? गणपतीत नव्हतं का? मीही वयाच्याच बाजूनं मत दिलं. तुझ्याविरुद्ध दोन मतं पडली आणि ठराव मंजूर झाला.

सुमननं प्लास्टिकची खुर्ची आणली. तू त्या खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून जेवायचीस. खुर्चीत बसून जेवायला मी तहसीलदार हाय का, असं पहिल्या दिवशी म्हणालीस. दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाली नाहीस. मला ते दुसऱ्या दिवसाचं जास्त लागलं. हळूहळू तुझं मळ्यात जाणं बंद झालं. मळा घरापासून तीनशे पावलांवर होता. लग्न होऊन आल्यापासून तू रोज तिथं जायचीस आणि अलीकडे तिथं तुझं काम एकच उरलं होतं, टोमॅटोची बांधणी तपासायची. बायका वेल तारेला सुतळीनं बांधत जायच्या आणि तू मागून येऊन सैल गाठी शोधायचीस. सापडल्याशिवाय परत यायची नाहीस. एकदा सगळ्या गाठी घट्ट निघाल्या, तर त्या दिवशी तुझं जेवणात लक्ष नव्हतं.

मळा बंद झाला तशी तू शांत झालीस. घरात सगळे म्हणाले, आता म्हातारी शहाणी झाली. आत्या, तुझा शहाणपणा बघून मी घाबरलो.

गोळीच्या खोक्यातला घडी घातलेला कागद मी घरी नेला आणि भिंगातून वाचला. स्नायू दुखणं त्यात होतं. अगदी खाली, मुंगीच्या अक्षरात. पुढच्या गुरुवारी मी येऊन ते तुला सांगितलं. मला वाटलं, वर्षभर माझ्याशी वाद घातल्यावर तू आता विजयोत्सव करशील.

“येवढं बारीक का लिवलंय?” तू एवढंच विचारलंस.

“जागा कमी असते.”

“जागा कमी आसंल तर माणूस कामाचं आधी लिवतो.”

नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंकडे आपण गेलो तो दिवस ज्येष्ठातला. नामदेवच्या गाडीत टोमॅटोचे क्रेट होते. त्यानं आपल्याला दवाखान्यात सोडलं आणि तो मार्केटला गेला. तो त्या वेळी तिथं नव्हता, याचं कारण एवढं साधं होतं.

बाईंनी कागद पाहिले. मग त्यांनी एक गोष्ट केली. खुर्ची उचलून माझ्यापासून वळवली आणि तुझ्या समोर ठेवली. नंतर तू ती खुर्ची गावभर सांगितलीस, मात्र पुढं काय झालं ते सोडून.

त्या म्हणाल्या, झटका येऊन गेलेल्या माणसाला ही गोळी दुसऱ्या झटक्यापासून सांभाळते. साठीचा माणूस असता तर मी हट्टानं दिली असती. तुमच्या वयाच्या माणसांवर हिचा अभ्यास थोडा झालाय. फायदा असेल, पण किती आणि कधी, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पाय गोळीमुळे दुखत असतील, नसतीलही. डोस कमी करता येईल, दुसरी गोळी बघता येईल, किंवा काही आठवडे थांबवून पाहता येईल. तिन्ही रस्ते बरोबर आहेत. मग त्यांनी विचारलं, “आजी, तुम्हाला काय हवंय?”

तू माझ्याकडे पाहिलंस. उत्तर माझ्या खिशात असेल असं. माझ्या आठवणीत तुला हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, आणि कोणी म्हणजे मीही आलो.

“मला मळ्यात जायाचंय,” तू म्हणालीस. “किती जगायचं ते तुमी बघा बाई. किती चालायचं ते मला बघू द्या.”

रक्त तपासून झालं, गोळी थांबली. बाकीच्या गोळ्या एकही चुकवायची नाही, हे बाईंनी तीनदा सांगितलं आणि त्या तू खरोखर चुकवल्या नाहीस. सहा आठवड्यांनी आपण परत गेलो तेव्हा तू दवाखान्याच्या पायऱ्या हात न धरता चढलीस. बाईंनी विचारलं, दुसरी एखादी हलकी गोळी बघायची का? तू नको म्हणालीस. त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि पहिल्या खेपेला विचारलेलंच परत विचारलं, “मुलाला सांगितलंत ना?”

“मी सांगतो,” मी म्हणालो.

“मी सांगन,” तू म्हणालीस.

दोघं एकदम बोललो, त्यामुळे बाईंचं समाधान झालं. एखादं काम दोघांनी अंगावर घेतलं की ते कोणाच्याच अंगावर राहत नाही, हे मी शाळेच्या स्नेहसंमेलनात कितीदा पाहिलं होतं.

बाहेर आलो तर नामदेव मेडिकलच्या पायरीवर उभा. मार्केट लवकर आटोपलं म्हणून त्यानं दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन टाकल्या होत्या. पिशवी पुढं केली. तू ती दोन्ही हातांनी घेतलीस, देवळात घेतात तशी. मी तुझ्याकडे पाहिलं. तू समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, लिंबू टाकत्यात का इथं?

घरी आल्यावर ओट्यावर मी तुला गाठलं. तू हळू आवाजात म्हणालीस, “दिन्या, गोळी मी गिळती, झोप त्याला लागती. बंद केली म्हटलं तर त्यो रात्रभर माझ्या नाकापुढं हात धरून बसंल.”

खोटं नव्हतं ते. झटक्यानंतर चार महिने त्यानं तुझ्या दारात अंथरूण टाकलं होतं. तू कूस बदललीस तरी तो उठून बसायचा. म्हणून पुढच्या गुरुवारी सांगू, असं ठरवलं. वर्षात बावन्न गुरुवार असतात, ही सोय वाईट आहे.

व्यवस्था तू गोळी थांबली त्या रात्रीपासूनच लावली होतीस. वाटीतल्या बाकीच्या गोळ्या गिळायच्या, ती एक पदराच्या गाठीत. गुरुवारी सात गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून माझ्या खिशात. सदुसष्टाव्या वर्षी मी तस्करीला लागलो. तिसऱ्या आठवड्यात माझ्या बायकोला धुण्याच्या सदऱ्यात पुडी सापडली. तिनं गोळ्या मेडिकलमध्ये दाखवून चौकशी केली, माझंच हृदय बिघडलंय असं धरलं आणि मला काही एक न विचारता आठ दिवस उकडलेला दुधी खायला घातला. नवव्या दिवशी तिनं डोळे पुसत विचारलं, कधीपासून लपवताय? मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, सांगा त्या नामदेवला, नाहीतर एक दिवस महागात पडेल. मग तिनं दुधी बंद केला, आणि सुटलो या आनंदात मी तिचं नामदेवला सांगा हे सांगणं विसरलो.

तू मात्र चालायला लागलीस. आधी ओट्यापासून गोठ्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत, श्रावणात मळ्यापर्यंत. पहिल्या दिवशीच तुला अकरा सैल गाठी सापडल्या. बांधणीच्या बायकांनी कपाळाला हात लावला. प्लास्टिकची खुर्ची कोंबड्यांकडे गेली. नवरात्रात तू पंगतीला मांडी घालून बसलीस आणि उठताना कोणी हात पुढं केला त्याच्याकडे असं पाहिलंस, की त्यानं तो हात केसांतून फिरवून परत घेतला.

आता यातला सगळ्यात अवघड भाग. नामदेवला वाटलं, गोळीनं गुण आला.

त्याला वाटलं एवढंच नाही, त्यानं ते आळ्यापासून बेल्ह्यापर्यंत सांगितलं. चहाच्या टपरीवर, सोसायटीत, सोयरिकीच्या बैठकीत. आई खुर्चीतनं उठत नव्हती, आता मळा फिरती, कशामुळं? गोळीमुळं. चुकवायची नाय फक्त. गावातल्या तीन म्हाताऱ्यांनी आपापल्या डॉक्टरांकडे जाऊन ‘नामदेवच्या आईची गोळी’ मागितली. त्यातल्या एकाला ती आधीपासून चालू होती आणि त्याचेही पाय दुखत होते. हे तू मला सांगितलंस तेव्हा आपण दोघं इतके हसलो, की सुमन आतून पाणी घेऊन आली. त्या म्हाताऱ्याला मी नंतर नारायणगावच्या बाईंकडे पाठवलं. नामदेवला तेव्हाही सांगितलं नाही.

मग तो सत्कार. पतसंस्थेनं नव्वदी ओलांडलेल्यांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि फ्रेम केलेलं मानपत्र, ज्यात तुझ्या नावाची एक वेलांटी चुकली होती. चार जणांना उचलून वर आणलं. तू स्वतः पायऱ्या चढलीस. साहेबांना टाळ्यांचा अंदाज चांगला आहे. ते माईक घेऊन तुझ्याजवळ आले आणि म्हणाले, आजी, या वयात हे कसं जमवलं, सांगा लोकांना.

“माझी चरबी उतरली,” तू माईकमध्ये म्हणालीस. “तुमची कवा उतरायची?”

साहेबांना वाटलं तू त्यांच्या पोटाबद्दल बोलतेस. ते मोठ्यानं हसले आणि व्यायाम सुरू करतो म्हणाले. गावाला काय वाटायचं ते वाटलं. मी मागच्या रांगेत रुमाल तोंडात धरून बसलो होतो. आयुष्यभर मी व्यासपीठांवर मनातल्या मनात टीका करत आलो, पुस्तकांच्या आडून. तू ते एका वाक्यात केलंस आणि वर शाल घेऊन आलीस.

वैशाखात, सकाळी, भुईमुगाच्या शेंगा तोडता तोडता तू थांबलीस. सुमनला वाटलं डुलकी लागली. तुझ्या मुठीत शेंगा होत्या. आदल्या दिवशी तू मळ्यात जाऊन आली होतीस. गोळी चालू असती तर तू आज असतीस का? मी बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही, कोणालाच सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे?

मी म्हणालो, बरा आहे.

इथवरचं लिहून ठेवलं होतं. काल तेरावं झालं. आज सकाळी मी मळ्यात गेलो. नामदेव एकटाच बांधणी करत होता. मी बरीच प्रस्तावना तयार केली होती, वयाची, अभ्यासाची, तिन्ही रस्त्यांची. ती सगळी बांधावरच राहिली.

“नामदेव,” मी म्हणालो, “मागच्या ज्येष्ठापासून आत्या ती रात्रीची गोळी घेत नव्हती.”

त्यानं घेतलेली गाठ पुरी केली. मग ती सोडली. परत बांधली. “डॉक्टरीणबाईंनी सांगितलं व्हतं?” त्यानं विचारलं.

“आत्याला विचारलं होतं. तिनं ठरवलं.”

“आन् मी रोज वाटीत ठेवायचो ती?”

“पदराच्या गाठीत.”

त्यानं सुतळीचा गुंडा खाली ठेवला. मी भराभर बोलायला लागलो. तुझी बाजू सांगितली, माझीही सांगितली. “तुला त्रास नको, नामदेव, तू घाबरशील, तुझी झोप उडेल, म्हणून आम्ही...”

“घाबरलोच असतो,” नामदेव म्हणाला. “पण आई माझी व्हती, दादा. तिच्यासाठी भ्यायचं काम माझं व्हतं. तेवढं तरी माझ्याकडं ठेवायचं.”

आत्या, यावर तुझ्याकडे उत्तर असतं का? दवाखान्यात कोणी तुला न विचारता तुझ्याबद्दल ठरवलं की तू आठवडाभर धुमसायचीस, आणि मी तुझ्या बाजूनं धुमसायचो. मग आपण दोघांनी ओट्यावर बसून, शेंगा खात, त्याच्याबद्दल ठरवून टाकलं. तेही प्रेमानंच. मोठे डॉक्टर खांद्यावर थोपटून गेले होते, तेही बहुतेक प्रेमानंच.

मग तो बांधावर बसला आणि विचारायला लागला. आषाढात चिखलात घसरली तवा गोळी नव्हती? नव्हती. श्रावणात मळ्यात आली तवा? नव्हती. नवरात्रात उपास केले, तवाबी? तेव्हाही. दिवाळीत ओझरला दर्शनाच्या रांगेत दोन तास उभी राहिली व्हती, दादा. हो, राहिली होती. माघात थंडीत खोकला झाला तवा? नव्हती रे. “आन् मी निवांत झोपलो व्हतो,” तो म्हणाला. प्रत्येक महिन्याला त्याचा चेहरा उतरत होता. अकरा महिन्यांची भीती तो माझ्यासमोर एकेक करून भ्यायला, एकही न चुकवता. फाल्गुनातली सत्काराची पायरी भ्यायला, चैत्रातलं ऊन भ्यायला. वैशाखात तू विहिरीवर गेली होतीस, तेही विचारून झालं.

मग पुढचं विचारायला त्यानं तोंड उघडलं, आणि पुढं महिनाच नव्हता.

तेव्हा तो रडला, आत्या. तेरा दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसं. आवाज ऐकून सुमन घरातून धावत आली. एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “दादा, काय बोलला ओ तुमी यांला?” तिनं विचारलं.

“आत्याचा निरोप होता,” मी म्हणालो. “पोचवायला उशीर झाला.”